संगणक-सल्ला : जोडला तर आहे, पण चाचणीत टिकत नाही

वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

या वेळचे सगळे प्रश्न सांगली जिल्ह्यातून आलेले आहेत आणि बहुतेक एकाच खुंटीभोवती फिरतात : नवा कॉम्प्युटर चालू तर होतो, पण प्रोसेसरवर ताण देणारी चाचणी (बहुधा ‘प्राइम९५’ या प्रोग्रॅमची) लावली की पडतो. काही पत्रे लांब होती, ती आटोपशीर केली आहेत.

प्रश्न (विश्रामबाग, सांगली) : स.न.वि.वि. गेल्या महिन्यात घरीच कॉम्प्युटर जोडला. रायझन ७ ७७०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर५-६००० रॅमच्या १६ जीबीच्या चार पट्ट्या, ६५० वॉटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). रॅमची दोन-दोनची दोन पाकिटे आहेत, दुसरे पंधरा दिवसांनी घेतले. बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्स्पो, म्हणजे रॅम पाकिटावरच्या वेगाने चालवणारी सेटिंग, चालू केले. विंडोज, ऑफिस, यूट्यूब सगळे व्यवस्थित, सिनेबेंच ही वेगाची चाचणीही पूर्ण होते. पण प्राइम९५ ‘ब्लेंड’ या प्रकारावर लावले की आठ ते वीस मिनिटांत एखादा वर्कर (प्रोसेसरच्या एका कोअरवर, म्हणजे गणित करणाऱ्या एका भागावर, चालणारे काम) थांबतो आणि लिहून येते : ‘फेटल एरर, राउंडिंग वॉज ०.५, एक्स्पेक्टेड लेस दॅन ०.४’. एकदा तिसरा वर्कर थांबला, एकदा सातवा. ‘स्मॉल एफएफटीज’ मात्र तासभर सुरळीत चालले. दुकानदार म्हणतात, विंडोज चालतेय ना, मग कशाला नसत्या चाचण्या करता? प्रोसेसर बदलून मागू का?

उत्तर : मागू नका, निदान आत्ता तरी नको. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असे होईल. निम्मे उत्तर तुमच्याच पत्रात आहे.

आधी त्या ओळीचा अर्थ. प्राइम९५ अवाढव्य संख्यांचे वर्ग करते. त्यासाठी संख्येचे तुकडे पाडून ते दशांशात गुणले जातात आणि शेवटी प्रत्येक तुकडा जवळच्या पूर्णांकाला आणला जातो. उत्तर ४१२७.००३ असे आले तर ते ४१२७ हे उघड आहे. पण ४१२७.५ आले तर खाली धरायचे की वर? गणित बरोबर चालले असेल तर असा प्रसंगच येत नाही. म्हणून ०.४ च्या पुढे गेले की प्रोग्रॅम हात वर करतो. याचा अर्थ तुमच्या मशीनमध्ये कुठेतरी एक आकडा चुकीचा वाचला, लिहिला किंवा गुणला गेला. प्रोग्रॅमला दोष देण्यात अर्थ नाही. १९९४ मध्ये पेंटियमच्या भागाकारातली चूक अविभाज्य संख्यांवर काम करणाऱ्या थॉमस नाइसली या गणितज्ञानेच पकडली होती, आणि २०१६ मध्ये इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमधला एक दोष उघड झाला तो याच प्राइम९५ मुळे. दुकानदाराच्या ‘विंडोज चालतेय ना’ला एवढेच उत्तर पुरे : विंडोज आपले उत्तर तपासून पाहत नाही, प्राइम९५ पाहते.

आता चूक कुठे झाली असावी? ‘स्मॉल एफएफटीज’चा सगळा हिशेब प्रोसेसरच्या आतल्या कॅशमध्ये मावतो. रॅमला फारसा हात लागत नाही, पण वीज आणि उष्णता सर्वांत जास्त याच चाचणीत असते. ती तासभर टिकली, म्हणजे कोअर, कूलर आणि एसएमपीएस यांच्यावरचा संशय बराच कमी झाला. ‘ब्लेंड’ रॅमचा मोठा भाग वापरते, आणि तिथेच गाडी अडते. शिवाय वर्कर दर वेळी वेगळा. एकच कोअर नासका असता तर बहुतेक वेळा तोच वर्कर थांबला असता. वेगवेगळे थांबतात तेव्हा सगळ्यांना सामाईक असलेली गोष्ट बघावी, आणि सामाईक आहे ती रॅम.

घोडे पेंड खाते ते चार पट्ट्यांपाशी. एएमडीच्या तपशीलपत्रकात या प्रोसेसरसाठी दोन पट्ट्या असतील तर डीडीआर५-५२०० आणि चार असतील तर डीडीआर५-३६०० असा वेग दिलेला आहे. ६००० हा पाकिटावरचा आकडा म्हणजे एक्स्पोचा, थोडक्यात ओव्हरक्लॉकिंगचा, ठरलेल्या वेगापुढे पळवण्याचा. रॅम बनवणाऱ्याने तो त्या पाकिटातल्या दोन पट्ट्यांवर तपासलेला असतो. दोन पाकिटे मिळून चार पट्ट्यांचा तपासलेला संच होत नाही, मग मॉडेल नंबर तंतोतंत तोच का असेना. पंधरा दिवसांनी घेतलेल्या पाकिटात चिप वेगळ्या कंपनीच्या असणे अगदी नेहमीचे आहे.

जाता जाता : ‘डीडीआर५ मध्ये ईसीसी (चूक आपोआप दुरुस्त करणारी सोय) असते, मग चूक होईलच कशी’ असा एक समज आहे. ते ईसीसी रॅमच्या चिपच्या पोटातले असते. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर जे बिघडते, त्याला ते काही करू शकत नाही.

आता करायचे काय. प्रत्येक वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा. वही हा शब्द गमतीने वापरलेला नाही. चार पट्ट्या, चार खाचा आणि तीन वेग यांची सरमिसळ दुसऱ्या दिवशी कुणाच्याच डोक्यात राहत नाही. नोंद एका ओळीची पुरते (मेमटेस्ट म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्रॅम) : ‘चार पट्ट्या, ३६००, बाकी डिफॉल्ट. मेमटेस्ट ४ फेऱ्या, ० चुका. खोली ३१ अंश.’

सुरुवात करण्यापूर्वी कामाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा. रॅम चुकते तेव्हा डिस्कवर लिहिलेली फाइलही चुकीची लिहिली जाते, आणि ते महिनोन्महिने कळत नाही. अशा अवस्थेत विंडोज पुन्हा टाकू नका. फॉरमॅट मारून हा रोग जात नाही, उलट नवी विंडोजच अर्धवट बसते. बिटलॉकर (विंडोजचे डिस्कवरचे कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, कारण बायोसमध्ये हात घातल्यावर ती मागितली जाऊ शकते.

मग बायोसमध्ये जाऊन ‘लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स’. नुसते एक्स्पो बंद करणे पुरेसे नाही. पीबीओ (प्रोसेसरची विजेची मर्यादा बदलणारी सेटिंग), कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरचे व्होल्टेज कमी-जास्त करणारी), बोर्ड कंपनीची ‘गेमिंग मोड’सारखी फुलबाजी, सगळे मूळ जागी जायला हवे. त्यानंतर पहिल्यांदा चालू करताना पडदा काही मिनिटे काळाच राहील. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, आणि डीडीआर५ च्या चार पट्ट्यांना त्यासाठी बराच वेळ लागतो. घाबरून बटण दाबू नका. पंधरा मिनिटे चहा घ्या.

बायोस जुना असेल तर याच टप्प्यावर नवा टाका. २०२३ च्या उन्हाळ्यापूर्वीचा असेल तर टाकलाच पाहिजे. त्या वर्षी काही रायझन ७००० प्रोसेसर जास्त एसओसी व्होल्टेजने (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणाऱ्या व्होल्टेजने) जळाल्यावर एएमडीने त्यावर १.३० व्होल्टची मर्यादा घातली. रॅम टिकत नाही म्हणून एसओसी व्होल्टेज चढवत नेण्याचा सल्ला कुठे मिळाला, तर हा आकडा लक्षात असू द्या.

यानंतर मेमटेस्ट८६ प्लस पेन ड्राइव्हवर घालून त्यावरून मशीन चालू करा. बायोसमधले सिक्युअर बूट अडवत असेल तर तेवढ्यापुरते बंद ठेवा. ६४ जीबीच्या चार फेऱ्यांना वेळ लागतो, म्हणून रात्री लावून झोपा. सकाळी एकही लाल ओळ नको. ‘एकच तर चूक आहे’ हे इथे चालत नाही, एक चूक म्हणजे नापास.

डिफॉल्टवर मेमटेस्ट आणि पाठोपाठ चार तास ब्लेंड, दोन्ही पार पडले तर तुमचे सगळे भाग चांगले आहेत. चुकला तो वेग. मग दोनच पट्ट्या, त्याही एकाच पाकिटातल्या, ए२ आणि बी२ या खाचांत बसवा. बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजल्यास त्या दुसरी आणि चौथी. एक्स्पो चालू करून पुन्हा चाचणी घ्या. दुसऱ्या पाकिटाचीही तशीच घ्या. दोन्ही वेगवेगळी पास झाली की पुढे तुमच्यासमोर तीन वाटा आहेत. ३२ जीबी भागत असेल तर दुसरे पाकीट विकून टाका. ६४ जीबी हवीच असेल तर चारही पट्ट्या ३६०० वर चालवा, किंवा ४८०० पर्यंत नेऊन दर पायरीला मेमटेस्ट घ्या. तिसरी वाट, ३२ जीबीच्या दोन पट्ट्यांचे एक पाकीट. खर्च परवडत असेल तर आमचा कौल तिसऱ्या वाटेला.

आणि डिफॉल्टवरच लाल ओळी आल्या तर? मग एकच पट्टी ए२ मध्ये लावून मेमटेस्ट, मग दुसरी, असे चारही वेळा, आणि तसेच बाकीच्या खाचांतही. चूक एका विशिष्ट पट्टीबरोबर फिरली तर पट्टी खराब, तिचे पाकीट वॉरंटीत द्या. (पाकीटच द्यायचे, एक पट्टी नव्हे.) पट्टी कुठलीही असो, पण एका विशिष्ट खाचेतच चूक आली तर खाच किंवा सॉकेटच्या पिना पाहा. एखादी पिन वाकलेली असली किंवा कूलर एका बाजूला जास्त आवळला गेला असला तरी रॅमची एखादी वाहिनी लंगडी होते. चारही पट्ट्या सगळ्या खाचांत चुकल्या तरच बोर्ड आणि प्रोसेसर यांच्यावर संशय घ्या. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्याच अंगात असतो, त्यामुळे तो शेवटी यादीत येतो खरा, पण शेवटीच.

सगळे निस्तरल्यावर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि विंडोजचा सिस्टिम फाइल चेकर चालवून घ्या. महिनाभर चुकणाऱ्या रॅमवर चाललेल्या विंडोजमध्ये काही ना काही बिघडलेले सापडते.

प्रश्न (तासगाव) : रायझन ५ ७६००, सोबत आलेलाच रेथ स्टेल्थ कूलर. प्राइम९५ स्मॉल एफएफटीज लावले की अर्ध्या मिनिटात ९५ अंश. मशीन बंद पडत नाही, पण वेग ३.२ गिगाहर्ट्झपर्यंत खाली येतो. कॅबिनेट टेबलाच्या कप्प्यात आहे, मागे चार बोटांवर भिंत. एप्रिल महिना आहे, हेही सांगतो.

उत्तर : शेवटचे वाक्य लिहिलेत ते बरे केले. कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा अमुक अंशांनी वर ठेवतो, खोलीखाली तो नेऊ शकत नाही. जानेवारीत खोली २५ अंशांवर असताना जे तापमान ८० होते, ते एप्रिलच्या दुपारी खोली ३९ वर गेली की ९४ होते. कॉम्प्युटर तोच, कूलर तोच. कप्प्यात तर कॅबिनेट स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा आत घेते. आधी ते बाहेर काढून, बाजूचा पत्रा उघडा ठेवून चाचणी घ्या. दहा अंश उतरले तर कूलर सोडा, टेबल बदला.

या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ अंश आहे आणि तिथे पोचल्यावर तो स्वतःच वेग कमी करतो. मूळ वेग ३.८ गिगाहर्ट्झ, कमाल ५.१. स्मॉल एफएफटीजसारख्या टोकाच्या चाचणीत या छोट्या कूलरवर ९० च्या पुढे जाणे गैर नाही, आणि वेग ३.८ च्या वर राहिला तर तक्रारीला जागा नाही. पण ३.२ म्हणजे मूळ वेगाच्याही खाली. हे नुसत्या उन्हाळ्याचे काम वाटत नाही. अर्ध्या मिनिटात ९५ हेही फार लवकर झाले.

कूलर काढा आणि पेस्टचा ठसा वाचा. प्रोसेसरच्या टोपीवर आणि कूलरच्या तळावर पेस्ट सारखी, पातळ, मधोमध जवळजवळ पारदर्शक दाबली गेली असेल तर बसवणी ठीक आहे. एका कोपऱ्यात जाड, ओला थर आणि समोरच्या कोपऱ्यात कोरडे असेल तर कूलर तिरका बसला आहे. रेथ स्टेल्थला चार स्प्रिंगचे स्क्रू असतात. एक पूर्ण आवळून मग दुसरा, असे केले की तो तिरका बसणारच. चारही दोन-दोन आटे धरून घ्या, मग समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा, थांबेपर्यंत. या स्क्रूंसाठी बोर्डवरचे काळे प्लॅस्टिकचे दोन कंस आधी काढावे लागतात, ते तसेच ठेवून वर कूलर दाबलेला असेल तर तळ टेकतच नाही. ठसा अजिबातच नसेल तर तळावरची पारदर्शक फिल्म राहिली असेल. हसू नका. विकत घेतलेल्या मोठ्या कूलरवर ती असते आणि भलेभले तिच्यासकट बसवतात.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावा. मधोमध वाटाण्याएवढी पुरते. पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागीच आहे ना, तेही पाहा. ‘सिस्टिम फॅन’वर असेल तर प्रोसेसर तापला तरी पंखा आपल्याच तंद्रीत फिरतो. हळदीचा किंवा मसाल्याचा व्यवसाय घरालगत असेल तर पुढची जाळी दर पंधरवड्याला झटका. ती बारीक धूळ तेलकट असते आणि नुसत्या फुंकरीने निघत नाही.

एवढे करूनही भागले नाही, तर बायोसमध्ये पीबीओखाली पीपीटी (प्रोसेसरला मिळणाऱ्या विजेची मर्यादा) ८८ वॉटवरून ६५ वर आणा. रोजच्या कामात फरक जाणवणार नाही, तापमान मात्र चांगलेच उतरेल.

प्रश्न (विटा) : रायझन ५ ५६००, आरएक्स ६६०० ग्राफिक कार्ड, ४५० वॉटचा ब्राँझ दर्जाचा एसएमपीएस, ६०० व्हीएचा यूपीएस. नुसते प्राइम९५ तासन्तास चालते. ग्राफिक कार्डचीही चाचणी सोबत लावली की मशीन झटक्यात बंद पडून पुन्हा चालू होते. निळा पडदा येत नाही. दिवसा क्वचित, संध्याकाळी सातनंतर हमखास. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसते. ७५० वॉटचा एसएमपीएस घेऊ का?

उत्तर : थांबा, आधी बेरीज करू. ग्राफिक कार्ड १३२ वॉट, प्रोसेसर जास्तीत जास्त ७६, बोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे मिळून साधारण ५०. झाले २५८. चांगल्या स्थितीतल्या ४५० वॉटच्या एसएमपीएसला हे जड नाही. पण एसएमपीएस भिंतीकडून घेतो ते जास्त. कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर ३०४ वॉट, त्यात मॉनिटरचे ३० मिळवा, ३३४. आणि तुमचा ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॉटचाच असणार, मागच्या पट्टीवर वॉटचा आकडा वाचून पाहा. ग्राफिक कार्ड क्षणभरासाठी सरासरीच्या बरेच वर उसळते, त्यामुळे हा यूपीएस अगदी काठावर आहे.

मग दिवसा का चालते? दिवसा यूपीएस मेनची वीज जशीच्या तशी पुढे देतो. संध्याकाळी व्होल्टेज त्याच्या सहनमर्यादेखाली गेले की तो बॅटरीवर उडी मारतो. आतून ‘टक्’ असा रिलेचा आवाज येतो, तो ऐका. बॅटरी दोन-तीन वर्षांची असेल तर ३३० वॉटचा भार ती क्षणभरही पेलत नाही. त्यात स्वस्त यूपीएस बॅटरीवर चौकोनी लहरींची वीज देतात आणि काही ॲक्टिव्ह पीएफसी (मेनची वीज सारखी ओढून घेणारे सर्किट) असलेल्या एसएमपीएसना ती मानवत नाही. ‘कर्नल-पॉवर ४१’मधून कारण कळत नाही. मशीन नीट बंद न होता वीज गेली, एवढेच ते सांगते. त्याच वेळेची ‘व्हीआ-लॉगर १८’ अशी, म्हणजे हार्डवेअर चुकल्याची, नोंद असती तर आम्ही प्रोसेसरकडे पाहिले असते.

चाचणी फुकटची आहे. यूपीएस बाजूला काढून मशीन थेट भिंतीच्या १६ अँपिअरच्या, अर्थिंग असलेल्या प्लगला लावा आणि संध्याकाळी साडेसातला दोन्ही चाचण्या एकदम चालवा. टिकले, तर ७५० वॉटच्या एसएमपीएसचे पैसे वाचले. १००० व्हीएचा, शक्यतो प्युअर साइन वेव्ह यूपीएस घ्या.

नाही टिकले तर कॅबिनेट उघडा. प्रोसेसरजवळचा ८ पिनांचा कनेक्टर दोन चौकडींचा असतो. एक चौकडी बसलेली आणि दुसरी अर्धवट लोंबकळत, असे दृश्य नवखेच काय, जुनेजाणतेही पाहतात. एसएमपीएस मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) असेल तर त्याच्या खोक्यातल्याच केबल वापरा. दुसऱ्या कंपनीची केबल बसते, पण एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांचा क्रम वेगळा असतो आणि बोर्ड जळतो. मग मल्टिमीटर डीसीवर ठेवून मोकळ्या मोलेक्सच्या (चार पिनांच्या जुन्या कनेक्टरच्या) पिवळ्या आणि काळ्या तारेवर ताण चालू असताना मोजा. ११.४ ते १२.६ व्होल्टच्या आत हवे. बायोसमधला किंवा विंडोजमधल्या प्रोग्रॅमचा १२ व्होल्टचा आकडा अंदाजाचा असतो, त्यावर निकाल देऊ नका. भिंतीचे व्होल्टेज आणि अर्थिंग मात्र वायरमनकडून मोजून घ्या. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दाखवले तर आधी अर्थिंग दुरुस्त करा.

विट्यासारख्या मागांच्या गावात आणखी एक सूचना. एसएमपीएसच्या मागे ११५/२३० असा लाल सरकता स्विच असेल तर तो ॲक्टिव्ह पीएफसीचा नाही आणि पडत्या व्होल्टेजला लवकर माघार घेतो. तुमच्याकडे ब्राँझ आहे, तेव्हा तुम्हाला ही अडचण नसावी.

प्रश्न (मिरज) : रायझन ७ ५७००एक्स. एका व्हिडिओत पाहून कर्व्ह ऑप्टिमायझर सगळ्या कोअरला उणे ३० केला. सिनेबेंच, प्राइम९५ सगळे रात्रभर पास. पण सकाळी पेपर वाचताना, नुसते पान खाली सरकवताना मशीन रीस्टार्ट. हे उलटेच नाही का?

उत्तर : उलटे वाटते, पण तसे नाही. सगळे कोअर राबत असताना वेग मर्यादित असतो. तुम्ही पान सरकवता तेव्हा एकच कोअर क्षणभर कमाल वेगावर उडी मारतो, आणि त्या वेगाला जेवढे व्होल्टेज हवे तेवढेच तुम्ही कापले आहे. कर्व्हमधला एक आकडा सुमारे ३ ते ५ मिलिव्होल्ट, म्हणजे उणे ३० म्हणजे जवळजवळ ०.१ ते ०.१५ व्होल्ट. व्हिडिओवाल्याचा प्रोसेसर वेगळा, तुमचा वेगळा.

कर्व्ह शून्यावर आणून दोन दिवस वापरा. रीस्टार्ट थांबले तर दोषी सापडला. कोणता कोअर, ते इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हीआ-लॉगर १८’च्या नोंदीत मिळते. तिथे ‘प्रोसेसर एपीआयसी आयडी’ असतो. तुमच्या आठ कोअरच्या प्रोसेसरवर त्याला दोनने भागा, उरलेले सोडा. आयडी ९ म्हणजे कोअर ४, शून्यापासून मोजून. मग सगळ्यांना उणे १० देऊन ‘कोअरसायक्लर’ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम रात्रभर लावा. तो एका वेळी एकाच कोअरवर हलकी पण कमाल वेगाची कसोटी घेतो. जो कोअर पडेल त्याचा आकडा पाचने शून्याकडे आणा, बाकीच्यांचा तसाच ठेवा. रायझन मास्टरमध्ये चांदणी लागलेले कोअर बहुधा सर्वांत कमी कपात सोसतात. ते मुळातच टोकाला नेऊन ठेवलेले असतात.

प्रश्न (पलूस) : व्हिडिओ एडिटिंगसाठी जुना आय७-१४७००के घ्यायचा विचार आहे, बोर्डासकट मिळतोय. या पिढीच्या प्रोसेसरबद्दल बरेच उलटसुलट ऐकले. घ्यावा का?

उत्तर : ऐकले ते खरे आहे, पण अर्धवट. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेज आणि उष्णतेने कोअरमधले क्लॉकचे सर्किट अकाली झिजते आणि पूर्वी पुरणारे किमान व्होल्टेज पुरेनासे होते. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) बायोसमार्फत दिले. पहिल्याने व्होल्टेजला १.५५ व्होल्टचा लगाम घातला. पण मायक्रोकोड झीज थांबवतो, झालेली भरून काढत नाही. जुना प्रोसेसर घेताना खरा प्रश्न हाच : हे बायोस येण्यापूर्वी तो किती आणि कसा वापरला गेला? हे विकणारा सांगेलच असे नाही, म्हणून मशीनलाच विचारायचे.

‘एचडब्ल्यूइन्फो’ या मशीनची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मायक्रोकोडचा आकडा पाहा. १२बी किंवा त्यानंतरचा हवा. बायोसमध्ये ‘इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज’ निवडा. पॉवर लिमिट २५३ वॉट आणि करंट ३०७ अँपिअरवर असली पाहिजे. तिथे ४०९६ वॉट असा आकडा दिसला तर बोर्डाने लगाम पूर्ण सोडलेला होता, आणि प्रोसेसरने काय काय सोसले असेल त्याचा अंदाज बांधा. मग मूळ सेटिंगवर सिनेबेंचची दहा मिनिटांची फेरी तीनदा, आणि २०-३० जीबीची सेव्हन-झिप फाइल पाच वेळा उलगडून बघा. झिजलेला प्रोसेसर इथे ‘सीआरसी एरर’, म्हणजे फाइल जुळत नसल्याची तक्रार, देतो. खेळ चालू करताना ग्राफिक कार्ड धडधाकट असूनही ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ असा संदेश येणे, हेही याच दुखण्याचे ओळखीचे लक्षण. यातले एक जरी दिसले तरी व्होल्टेज वाढवून वेळ मारून नेण्याच्या भानगडीत न पडता सरळ उठून या.

इंटेलने या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून खरेदीपासून पाच वर्षे केली आहे. खोक्यातला प्रोसेसर आणि मूळ बिल दोन्ही मिळत असतील, तर बाकी चाचण्या पास झाल्यावर घ्यायला आमची हरकत नाही. बिल नसेल तर किंमत कितीही पाडली तरी नको.

प्रश्न (कुपवाड) : चाचणी किती तास चालवली म्हणजे पुरे? रात्रभर ताण दिल्याने नवा प्रोसेसर खराब होत नाही ना?

उत्तर : मूळ सेटिंगवर, तापमान मर्यादेत असेल तर होत नाही. प्रोसेसर स्वतःला आवरतो. आमचा हिशेब असा : मेमटेस्ट चार फेऱ्या, स्मॉल एफएफटीज अर्धा तास (याहून जास्त चालवून नुसती खोली तापते), ब्लेंड सहा ते आठ तास. कर्व्ह किंवा रॅमच्या वेगाला हात लावला असेल तर कोअरसायक्लरची एक रात्र आणखी. चाचणीच्या रात्री संगणकाची झोप, म्हणजे स्लीप, विंडोजच्या पॉवर सेटिंगमधून बंद करायला विसरू नका. सकाळी उठून ‘आठ तास पास’ म्हणावे, आणि मशीन मात्र रात्री साडेअकरालाच झोपी गेलेले असते.